आजोबांच्या रापणीच्या वह्यांचं पुस्तक: फोटो आणि अक्षरं घरीच शिकताना

रापणकाठ

नमस्कार मंडळी. मालवणहून लिहितेय. माझे आजोबा रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, संघात होते आणि त्यांना वह्या ठेवायची सवय होती. कुठल्या दिवशी पेडवे मासे लागले, किती वाटे पडले, कुठल्या दिवशी दोर ओढून ओढून जाळं रिकामं आलं, सगळं तारखेनिशी. वह्यांच्या मागच्या पानांवर आजीनं सांगितलेली कालवणं आणि तिखली. मधून मधून त्यांनी स्वतः शाईनं काढलेली जाळ्याची, होडीची, माशांची चित्रं. या सगळ्याचं पुस्तक करायचंय. डेमी आकार, ११२ पानं, २०० प्रती.

आधी बाहेरच्या एका जाणत्या माणसाला काम द्यायचं ठरलं होतं. त्यांचं काम सुरेख आहे, पण आमची वही त्यांना वाचता येईना. सौंदाळे, शेवटे, पालू ही माशांची नावं ते चुकीची समजून 'दुरुस्त' करायला लागले. दुसऱ्यांदा तसं झालं तेव्हा मी ठरवलं की हे आपणच शिकायचं. त्याला आता सहा महिने झाले.

पहिले दोन महिने माझे वाया गेले, ते सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाचे जाणार नाहीत. मी गिम्प हा फोटो सुधारायचा मोफत प्रोग्राम उतरवून घेतला आणि व्हिडिओ बघून फोटोंवर प्रयोग करत बसले. पार्श्वभूमी पुसणं, कडा धूसर करणं, रंग चढवणं. ते हाताला बरं लागलं आणि काहीतरी येतंय असं वाटत राहिलं. मग पहिलं पान जुळवायला घेतलं आणि कळलं की पुस्तकात शंभरातली नव्वद कामं अक्षरांची असतात, आणि त्यातलं मला काहीच येत नव्हतं.

सध्या अडलेल्या गोष्टी:

आईनं २००४ साली दोन वह्या संगणकावर टाइप करून ठेवल्या होत्या. ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढिगारा दिसतो. एका कन्व्हर्टरमधून काढली तर बरंचसं मराठी झालं, पण 'कुर्ल्या'चा (खेकड्यांचा) रफार भलत्याच अक्षरावर बसतोय.

दुसरं, 'तिसऱ्या' हा शिंपल्यांसाठीचा शब्द शोधला की चारच ठिकाणी सापडतो. डोळ्यांना मात्र निदान पंधरा ठिकाणी दिसतोय.

तिसरं, फोटो. एकूण २३ आहेत. काही नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवले, काही अल्बममधले, त्यांना पावसाळ्यात बुरशी धरलेली. एक तर फ्रेमच्या काचेलाच चिकटलाय. चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढतानाचा तो एकच फोटो आहे ज्यात आजोबा दोराला लागलेले दिसतात. तो पुस्तकात हवाच.

जाणकारांनी सांगा. मी रोज रात्री वीज असेल तर बसते.

पानजोडणी

ताई, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मी मूळची देवगडची, मुंबईत पुस्तकांची पानं जुळवते. आधी अक्षरांचं बोलू.

आईंची फाइल युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीची आहे. युनिकोड १९९१ मध्ये आलं, पण आपल्याकडची छपाईची कामं पुढे पुष्कळ वर्षं जुन्या फॉन्टांवरच चालली. त्या फॉन्टांत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि त्याच्या जागी फॉन्ट मराठी तुकडा दाखवतो. शिवाय तुकड्यांचा क्रम डोळ्यांना दिसतो तसा असतो, उच्चाराचा नसतो. 'ति' मध्ये वेलांटी आधी, मग त. 'कुर्ल्या' मध्ये क, उकार, अर्धा ल, या, आणि सगळ्यात शेवटी रफार. युनिकोडमध्ये हाच रफार 'ल'च्या आधी र आणि हलन्त असा यावा लागतो. म्हणजे कन्व्हर्टरला रफार उचलून पूर्ण जोडाक्षराच्या आधी नेऊन ठेवावा लागतो. साध्या अक्षरावर त्याला ते जमतं, 'ल्या'सारख्या जोडाक्षरावर तो अर्ध्यातच थांबतो. तुमचं तेच झालंय.

उपाय कंटाळवाणा आहे, पण एकच आहे. पहिली दहा पानं मूळ वही शेजारी ठेवून वाचा आणि चुकीचे आकार एका कागदावर लिहीत जा. वीस-पंचवीस प्रकारांतच सगळ्या चुका बसतात. मग शोधा-बदला करून एकेक प्रकार पूर्ण फाइलभर काढायचा. 'सगळे बदला' डोळे झाकून दाबू नका. एकेक बघत जा.

'तिसऱ्या'चं कोडं मला आवडलं. तो अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असलेला ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. कन्व्हर्टरनं एक तऱ्हा वापरली असणार आणि तुम्ही हातानं टाइप करताना दुसरी. पूर्ण पुस्तकात एकच ठेवा. मी नुक्त्याची ठेवते. ते न दिसणारं चिन्ह मजकूर इकडून तिकडे नेताना कधी कधी गळून पडतं आणि 'तिसऱ्या'चं 'तिसर्या' होतं. असे शब्द छापून आलेली पुस्तकं तुम्हीही पाहिली असतील.

पानं कशात जुळवताय?

रापणकाठ

तुमचा खुलासा वाचून लगेच फाइल उघडली. अगदी तसंच निघालं. सोळा 'तिसऱ्या', त्यातल्या बारा दुसऱ्या तऱ्हेच्या. सुकाणू हाती आल्यासारखं वाटलं. आता 'वाऱ्या', 'खाऱ्या', 'दुसऱ्या' पण तपासते.

पानं स्क्रायबस या पानं जुळवायच्या मोफत प्रोग्राममध्ये करतेय. भावाच्या जुन्या लॅपटॉपवर १.४ होतं, त्यात वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसायची, जोडाक्षरं सुटी व्हायची. मला वाटायचं माझंच टाइप करणं चुकतंय. एक आख्खा आठवडा मी तेच पान पुन्हा पुन्हा टाइप केलं.

पानजोडणी

तुमचं काही चुकत नव्हतं. १.४ ला देवनागरी जुळवताच येत नाही. ती सोय १.५.३ पासून आली. २०२४ च्या जानेवारीत १.६ आलंय, ते घ्या. इनडिझाइन हा ॲडोबचा पानं जुळवायचा प्रोग्राम वापरणाऱ्यांची हीच रड असते, म्हणून त्यांच्यासाठीही लिहिते: परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेनूत जाऊन 'ॲडोब वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडायचा. नेहमीच्या कंपोझरवर मराठी मोडते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्येही टाइपच्या पसंतीत दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय असायचा.

फॉन्टबद्दल. मजकुराला 'तिरो देवनागरी मराठी' लावून बघा. मोफत आहे आणि त्यात ल, श आपल्या वळणाचे येतात. हिंदी वळणाचा ल मराठी पुस्तकात मला खटकतोच. आपल्या शासनानंही २००९ च्या निर्णयात ल आणि श यांची मराठी वळणं ठरवून दिली आहेत. दोन्ही वळणं पोटात असलेले काही फॉन्ट असतात. त्यांना मजकुराची भाषा 'मराठी' अशी नेमून दिली की ते आपोआप आपला ल दाखवतात. भाषा इंग्रजी किंवा हिंदी राहिली तर नाही दाखवत.

एक धोका. तिरोला ठळक वळण नाही. काही प्रोग्राम ठळकचं बटण दाबलं की अक्षराच्या कडा फुगवून खोटं ठळक करतात. त्यात 'क्ष', 'ष्ठ' यांची पोटं बुजतात. शीर्षकांना आणि फोटोंखालच्या ओळींना मुंबईच्या एक टाइपनं केलेला 'मुक्त' घ्या. त्यात हलक्यापासून जाडपर्यंत सात वजनं आहेत.

आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह आवरा. शिरोरेघ तुटते.

खिळेकाका

मी रत्नागिरीचा. वय ७४. आयुष्याची अठ्ठावीस वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात गेली. मुलगी टाइप करून देते आहे.

रापणकाठ, तुमचं ते रफाराचं वाचलं आणि बोटं शिवशिवली. आमच्याकडेही मात्रा, वेलांट्या, रफार वेगळे असायचे. त्या खिळ्याचा काही भाग बाहेर डोकावायचा आणि शेजारच्या अक्षरावर टेकायचा. दाब जास्त पडला की तेवढाच मोडायचा. हजारावी प्रत छापून होईपर्यंत 'मोर्चा'चा 'मोचा' झालेला असायचा. म्हणून मुद्रित तपासताना मी आजही आधी शिरोरेघेच्या वरचा भाग वाचतो, सगळ्या पानाचा. मग रेघेखालचा, उकार आणि पाय. शब्द शेवटी. तुम्हीही करून बघा. अर्थ लागायला लागला की डोळा चूक सोडून देतो.

दुसरं म्हणजे ओळींमधली जागा. आम्ही शिशाच्या पट्ट्या घालायचो. इंग्रजीचा हिशेब मराठीला लावू नका. आपल्या अक्षराला वर मजला आहे आणि खाली तळघर. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांना भिडले की वाचणाऱ्याला ताण येतो, कशाचा ते त्याला सांगता येत नाही. १२ पॉइंटाचं अक्षर असेल तर ओळ १८ ची धरून सुरुवात करा. तुमचं पुस्तक वाचणार कोण? आजोबांच्या बरोबरीचे जे उरले असतील ते. त्यांच्या डोळ्यांना जागा द्या. पानं वाढली तर वाढू देत.

रापणकाठ

काका, नमस्कार. वाचून भरून आलं. उद्या तुमच्या पद्धतीनं वरचा भाग आधी वाचते. आजोबांच्या बरोबरीचे दोघं आहेत अजून, दोघंही मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले. १८ ची ओळ घेतली.

डोलकाठी

वेंगुर्ल्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. फोटोंचं मी बघतो, ताई.

व्हॉट्सॲपचे फोटो परत मागवा. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे ते दाबून लहान होत नाहीत. छपाईला छापायच्या मापावर इंचाला ३०० पिक्सेल लागतात. समजा तुमच्याकडे १२०० बाय १६०० चा फोटो आहे. मजकुराच्या रुंदीत, म्हणजे सव्वाचार इंचांत बसवला तर जेमतेम निभतो. पण त्यातला आजोबांचा चेहरा कापून घेतला आणि तो ३०० पिक्सेल रुंद भरला, तर तो एक इंचाचा फोटो आहे. प्रोग्राममध्ये आकडा वाढवून मोठा करता येतो, पण नसलेले तपशील त्यात येत नाहीत.

अल्बममधले स्वतः स्कॅन करा, ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांवर. तीन बाय चार इंचाचा छोटा फोटोही मग दुप्पट मापात छापता येतो. आणि काळे-पांढरे फोटो असले तरी स्कॅन रंगीत करा. याचं कारण तुमची बुरशी. तिचे डाग पिवळट-तपकिरी असतात. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन थर येतात. पिवळा डाग निळ्या थरात सगळ्यात काळा दिसतो आणि लाल थरात जवळजवळ नाहीसा होतो. गिम्पमध्ये रंगांच्या मेनूत घटक सुटे करायची सोय आहे. तीन थर शेजारी शेजारी मांडा, लाल ठेवा, बाकीचे सोडा. डाग पुसण्याचं निम्मं काम तिथेच संपतं. काळं-पांढरं स्कॅन केलं असतं तर डाग आणि फोटो एकाच राखाडीत मिसळून गेले असते, मग एकेक ठिपका हातानं भरत बसा.

उरलेले ठिपके हीलच्या ब्रशनं काढा, वेगळ्या लेयरवर. मूळ स्कॅन टिफ, म्हणजे तपशील न गमावणारी फाइल, म्हणून बाजूला ठेवा, त्याला हात लावू नका.

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. चित्राचा थर काचेवर राहतो आणि हातात कागद येतो. काचेसकट स्कॅनरवर ठेवा, किंवा खिडकीच्या बाजूच्या उजेडात, मोबाईल नीट समांतर धरून फोटो घ्या. तुमच्या मागे काळं कापड धरायला कुणाला तरी उभं करा, म्हणजे काचेत प्रतिबिंब येणार नाही.

आजोबांच्या शाईच्या चित्रांची गोष्ट वेगळी. ती १२०० डीपीआयवर स्कॅन करा आणि शुद्ध काळं-पांढरं करा, मधला राखाडी नको. राखाडी ठेवलं की छपाईत त्याची ठिपक्यांची जाळी होते आणि रेघेची कड फुसफुशीत दिसते. टाकाची रेघ धारदारच दिसायला हवी.

सुरुबन

सगळ्यांचं वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. मी दापोलीची, आमच्या वाडीची स्मरणिका करायची आहे. एक विचारते, हल्ली मोबाईलवर ॲप आहेत, जुना फोटो टाकला की एका मिनिटात चेहरा स्वच्छ करून देतात. ती का नाही वापरायची?

डोलकाठी

ताई, मी ती वापरून पाहिली आहेत, म्हणून सांगतो. पुसट चेहऱ्यात जे नाही ते ती ॲप स्वतःच्या मनानं भरतात. डोळे येतात, पण दुसऱ्याच कुणाचे तरी. माझ्याकडे एक बाई वडिलांचा फोटो घेऊन आल्या होत्या, भाच्यानं ॲपमधून काढलेला. चकचकीत होता. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे आमचे नव्हेत." मूळ फोटो पुसट होता, पण त्यातलं नाक, त्यातली मान वाकवायची लकब त्यांची होती. स्मरणिकेत नाव लिहून दुसऱ्याचा चेहरा छापला जाऊ नये. धूळ काढा, डाग काढा, उजेड नीट करा. चेहऱ्याला हात लावू नका.

रापणकाठ

डोलकाठीदादा, लाल थर! काल रात्री करून बघितलं. चिवल्याच्या फोटोवर आकाशात एवढा मोठा पिवळा डाग होता, आजोबांच्या डोक्यावर आलेला. लाल थरात तो गेला आणि त्याच्या मागून तीन माणसं दिसायला लागली, दोराच्या दुसऱ्या टोकाला. आईला दाखवलं. तिनं दोघांना ओळखलं. चाळीस वर्षं हा फोटो घरात आहे आणि ती तिघं आम्ही कुणी पाहिलीच नव्हती.

आता छापखान्याचं सांगते. आमच्याच भागातल्या एका ठिकाणी नमुना काढायला दिला होता. मी पीडीएफ नेली होती, त्यांनी 'वर्ड फाइल द्या, आम्ही बघतो' म्हणून मजकुराची फाइल मागून घेतली. त्यांच्या संगणकावर माझा फॉन्ट नव्हता. ११२ ची ११९ पानं झाली, अनुक्रमणिकेतले सगळे आकडे चुकले, ल हिंदी वळणाचा आला. नमुन्याचे पैसे गेले, आणि 'मराठीचं असंच होतं' हे वरून ऐकावं लागलं. मला त्याचा फार राग आला. मराठीचं असं होत नाही, फाइल चुकीची उघडली की असं होतं.

मलपृष्ठाची चूक मात्र माझी. पूर्ण मलपृष्ठ मी गिम्पमध्येच केलं होतं, मजकुरासकट. छापून आलं तर बारीक अक्षरांना लालसर-निळसर सावली.

पानजोडणी

छापखान्याला फक्त पीडीएफ द्यायची, फॉन्ट आत बसवलेली. स्क्रायबसमधून पीडीएफ/एक्स या छपाईसाठीच्या प्रकारात काढता येते. आणि देण्याआधी ती दुसऱ्याच कुणाच्या तरी संगणकावर उघडून बघायची. ११२ पानं म्हणजे १६ पानी सात फर्मे (एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेले भाग) बरोबर बसतात. तो हिशेब मोडू देऊ नका. १८ च्या ओळीनं पानं वाढत असतील तर सरळ १२८ वर जा.

सावलीचं कारण: गिम्पमधलं काळं हे पडद्याचं काळं असतं. छपाईला जाताना ते चारही शायांत वाटलं जातं. चार प्लेटा केसाएवढ्या सरकल्या की बारीक अक्षराला रंगीत कड दिसते. गिम्पमध्ये फक्त चित्र करा. अक्षरं स्क्रायबसमध्ये त्या चित्रावर ठेवा आणि रंग नेमा: काळी शाई १०० टक्के, बाकी तीन शून्य. मुखपृष्ठाचं चित्र चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर जाऊ द्या, कापताना पांढरी रेघ राहणार नाही. कण्याची जाडी अंदाजानं धरू नका. ज्या कागदावर छापणार त्याच कागदाची तुमच्या पुस्तकाइतकी पानं, म्हणजे १२८ असतील तर ६४ कागद, दाबून धरून मोजा.

आतले फोटो मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकांच्या साध्या, लेप नसलेल्या कागदावर जाणार ना? तो कागद शाई पितो. पडद्यावर बरोबर दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो. गिम्पमधल्या कर्व्हज या उजेड कमी-जास्त करायच्या सोयीनं मधला भाग थोडा उजळा, आणि सगळ्यात काळा भागही ९०-९२ टक्क्यांवरच ठेवा. आजोबांचा काळा सदरा आणि मागची होडी एकच काळा गोळा व्हायला नकोत.

खिळेकाका

कागदाचं एक राहिलं. छापखान्याला विचारा की कागदाच्या तंतूंची दिशा कण्याला समांतर येते का. आडवी आली तर आपल्या दमट हवेत पुस्तक पहिल्या पावसातच पापडासारखं वाकतं आणि नीट उघडत नाही. एक कोरा कागद दोन्ही बाजूंनी दुमडून बघा. ज्या बाजूनं घडी सरळ आणि मऊ पडते ती तंतूंची दिशा. आणि जमलं तर जून-जुलैत छापू नका.

रापणकाठ

दसऱ्यानंतरच छापू. तोवर रापणीचाही हंगाम सुरू झालेला असतो, प्रती किनाऱ्यावरच वाटता येतील.

१२८ पानांवर गेले. १६ पानं वाढली, त्यातल्या सहांत आजोबांची जाळ्याची चित्रं मोठी घेतली, १२०० वर स्कॅन करून. पान ४३ चं चित्र लावतेय, पेडव्यांचं तिखलं आहे त्यावर. काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी शिरोरेघेच्या वरचं वाचलं. चार अनुस्वार आणि एक रफार चुकलेला सापडला. तीन वेळा पूर्ण वाचून एकदाही दिसला नव्हता.

खिळेकाका

पान मुलीनं मोठं करून दाखवलं. छान बसलंय. सातव्या ओळीत 'कुर्ल्या' आहे, रफार जागेवर. पण त्याच्या वरच्या ओळीत 'मृदू' आलाय, त्याचा ऊकार आणि हा रफार जवळ आलेत. चिकटले नाहीत, पण जवळ आहेत. तेवढा एक शब्द पुढच्या ओळीत जाईल का बघा.

रापणकाठ

'मृदू'च्या जागी आजीचाच शब्द होता वहीत, 'मऊ'. मी टाइप करताना बदलला होता. परत 'मऊ' केलं. आता मोकळं दिसतंय.